जेरबंद : घोड्याच्या साजामागचे चार हात

१/
‘अट्टल चोर जेरबंद’ अशी बातमी मराठी वृत्तपत्रांत वरचेवर छापली जाते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बेड्या येतात. वस्तुतः जेरबंद हा घोड्याच्या साजातील एक पट्टा आहे. फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली आणि ‘बंद’ म्हणजे बंधन. घोड्याच्या तोंडावरील म्होरकीपासून निघून, पुढच्या दोन पायांमधून जाऊन, पोटाखालच्या तंगाला जोडलेला हा पट्टा घोड्याला मान उधळू देत नाही. घोडदळे इतिहासजमा झाली, शब्द मात्र उरला. तो पट्टा तयार करणाऱ्या हातांचा हा धागा.

२/
मराठी भाषेत घोड्याच्या साजाचे असे अनेक अवशेष विखुरलेले आहेत. गाशा म्हणजे खोगिरावर घालायचे आच्छादन. मुक्काम हलवताना ते गुंडाळले जाई, म्हणून ‘गाशा गुंडाळणे’. खोगिरात कोंबलेल्या चिंध्या व लोकर म्हणजे ‘खोगीरभरती’. घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी म्हणजे तोबरा. म्हणून तोंडात ‘तोबरा भरणे’. बेलगाम, तंग, पिछाडी ही आणखी काही उदाहरणे. जो समाज शतकानुशतके घोड्याच्या पाठीवरून राज्ये घडताना आणि मोडताना पाहत होता, त्याच्या बोलण्यात हे उतरणे स्वाभाविक होते.

३/
या साजाचे भाग समजून घेतले, की पुढचा इतिहास सोपा होतो. पाठीवर खोगीर किंवा जीन, ती जागेवर ठेवणारा पोटाखालचा तंग, ती पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेली दुमची, पाय ठेवायला रिकीब, तोंडात लोखंडी कडियाळे, त्याला जोडलेला लगाम, डोक्याभोवती म्होरकी, आणि तबेल्यात बांधण्यासाठी अगाडी व पिछाडीचे दोर. यांतील एकही भाग ऐन धावेत तुटला, तर स्वार जमिनीवर येतो. युद्धात याचा अर्थ बहुधा मृत्यूच.

४/
दख्खनचा साज संपूर्ण चामड्याचा नसे. खोगीर बहुतांशी जाड कापड आणि लोकरीच्या थरांचे. अगाडी-पिछाडी सुताच्या किंवा वाखाच्या दोरांची. लगामही कित्येकदा सुती गोफाचा. चामडे येई ते जेथे घर्षण व ताण सर्वाधिक तेथे: रिकिबीच्या वाद्या, तंगाची टोके, जेरबंद, म्होरकीचे सांधे, आणि स्वाराच्या हातातील चाबूक. ‘वादी’ म्हणजे कमावलेल्या कातड्याची लांब पट्टी. अनेक वाद्या एकमेकींत गुंफल्या, की होई वेणी किंवा गोफ.

५/
चामड्याची वेणी का घालायची? सरळ पट्ट्याचे सामर्थ्य त्याच्या सर्वांत दुबळ्या जागेइतके असते. एक चीर पडली, की ती ताणाबरोबर आडवी पसरते आणि पट्टा तुटतो. वेणीत तोच भार चार, सहा किंवा आठ पेडांत वाटला जातो. एक पेड तुटला तरी त्याची चीर शेजारच्या पेडात शिरत नाही. उरलेले पेड भार सांभाळतात आणि तुटलेला पेड डोळ्यांना दिसून स्वाराला आगाऊ सूचना देतो. शिवाय वेणी किंचित लवचिक असते. घोड्याने दिलेला हिसका ती सौम्य करते.

६/
आता हे काम करणाऱ्या लोकांकडे वळू. परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, हिंगोली हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांचा काळ्या मातीचा प्रदेश. येथे घोड्यापेक्षा बैल अधिक. लाल कंधारीसारखी गोवंशाची प्रसिद्ध जात याच टापूतली. म्हणजेच कातडे मुबलक. घोड्याच्या अंगावरील वादी बहुधा बैल, गाय किंवा म्हशीच्या कातड्याची असे. बारीक कामाला शेळीचे कातडे लागे.

७/
पहिला हात ढोर समाजाचा. कच्चे कातडे कमावणे हे त्यांचे परंपरागत काम. कातडे पाण्यात भिजवायचे, चुन्याच्या कुंडात काही दिवस ठेवायचे, सैल झालेले केस व मांस खरवडून काढायचे. मग बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते मुरवायचे. दख्खनमध्ये एक विशेष पद्धत होती: कातडेच शिवून त्याची पिशवी करायची, ती उंच टांगायची आणि तिच्यात अर्क भरायचा. अर्क कातड्यातून आरपार झिरपे आणि आतून बाहेरपर्यंत ते पक्के करी.

८/
बाभूळ आणि तरवड ही दोन्ही मराठवाड्याच्या माळांवर आपोआप उगवणारी झाडे. त्यांच्या सालीतील तुरट द्रव्य कातड्यातील तंतूंना बांधून टाकते. मग ते कुजत नाही आणि पाण्याने फारसे फुगत नाही. या कामाची किंमत मात्र जबर होती. चुन्याने हात भेगाळत, कुंडांची दुर्गंधी अंगाला चिकटे, आणि त्याच दुर्गंधीचे कारण दाखवून गाव या माणसांना वेशीबाहेर ठेवी.

९/
दुसरा हात चर्मकाराचा. बारा बलुतेदारांत त्याचे स्थान निश्चित होते. शेतकऱ्याच्या वहाणा आणि मोट शिवून व दुरुस्त करून देणे, आणि त्या बदल्यात सुगीला धान्याचा वाटा घेणे, ही त्याची व्यवस्था. त्याची हत्यारे मोजकी: कातडे कापण्याची रापी, भोके पाडण्याची आरी, ठोकण्याचा दगड किंवा लाकडी ठोकळा. वादी कापणे हे त्याच्या कौशल्याची खरी कसोटी पाहणारे काम.

१०/
लांब वादीसाठी लांब कातडे लागत नाही. कातड्याचा गोल तुकडा घ्यायचा आणि कडेपासून मध्याकडे चक्राकार कापत जायचे. गणित पाहा: ३० सेंमी व्यासाच्या तुकड्याचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंमी. त्यातून अर्धा सेंमी रुंदीची वादी कापली, तर ती जवळजवळ १४ मीटर भरते. अट एकच, रुंदी कोठेही कमीजास्त होता कामा नये. आंगठ्याचे नख मोजपट्टीसारखे टेकवून रापी चालवणाऱ्या हाताला ही अट पाळता येते. ते एका दिवसात साधत नाही.

११/
कापलेली वादी ओलसर करून ताणतात. जेथे ती दुबळी असेल तेथे याच वेळी तुटते, आणि ते बरेच असते. मग कडा तासून घेतात, म्हणजे पेड एकमेकांवर नीट बसतात. चरबी किंवा तेल चोळून खुंटीला बांधतात आणि वेणी सुरू होते. चपट्या कामाला तीन पेड, गोल गोफाला चार किंवा आठ, आणि जाड कामाला आत एक गाभा. तयार वेणीपेक्षा प्रत्येक पेड बराच लांब, बऱ्याचदा दीडपट लागतो. प्रत्येक पेडाला सारखाच ओढ द्यावा लागतो. एक सैल राहिला, तर उरलेल्यांवर भार जाऊन ते आधी झिजतात. वाळताना कातडे आक्रसते आणि वेणी घट्ट होते.

१२/
तिसरा हात मातंग समाजाचा. अंबाडी, ताग, केकताड यांच्या वाखापासून दोर वळणे हे त्यांचे काम. कासरा, चऱ्हाट, वेसण, बैलाची म्होरकी या वस्तू त्यांच्याकडूनच येत. पिळ आणि वेणी यांची समज याच घरांत सर्वाधिक मुरलेली होती. दोराचे पेड किती, पिळ उजवा की डावा, शेवटची गाठ कशी लपवायची, हे ज्ञान मुलाला बापाच्या समोर, दोराचे दुसरे टोक धरून उभे राहताना मिळे. घोड्याच्या अगाडी-पिछाडीचे दोर हा त्याच विद्येचा विस्तार.

१३/
चौथा हात जिनगराचा. ‘जीन’ म्हणजे खोगीर, ‘गर’ म्हणजे करणारा. जिनगर हा खेड्यापेक्षा पेठांचा आणि लष्करी ठाण्यांचा कारागीर. कापड, लोकर, चामडे, पितळ आणि रंग हे सारे त्याच्या हाताखाली एकत्र येत. ढोराने कमावलेले कातडे, चर्मकाराने कापलेली वादी आणि मातंगाने वळलेला दोर यांतून घोड्याच्या अंगावर बसणारा पूर्ण साज उभा करणे हे त्याचे काम. जिनगर स्वतःस आर्य सोमवंशी क्षत्रिय म्हणवीत. तरी चामड्याच्या स्पर्शामुळे त्यांच्या सामाजिक स्थानाविषयी वाद होत राहिले.

१४/
मराठ्यांच्या घोडदळात साजाचा खर्च कोणाचा, हा प्रश्न मूलभूत होता. बारगिराला घोडा आणि सामान सरकारातून मिळे; शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई. सभासद बखरीत पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्यांच्या दिमतीला एक पखालजी व एक नालबंद. पखालजी पाणी वाही ते चामड्याच्या पखालीतून. म्हणजे घोड्याच्या नालेइतकीच कातड्याचीही तजवीज पागेच्या रचनेत गृहीत होती.

१५/
१९ मे १६७३ रोजी शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणी केलेल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, ही त्यातली चिंता. पावसाळा हा घोडदळाचा विसाव्याचा काळ. साज दुरुस्तीला निघे तोही याच दिवसांत, कारण दमट हवेत चामड्याला बुरशी येते आणि शिलाई कुजते. दसऱ्याला मोहिमा निघण्यापूर्वी खंडेनवमीला शस्त्रे आणि घोडी पूजली जात. त्या पूजेआधीचे काही आठवडे जिनगराच्या दुकानात उसंत नसणार, हे उघड आहे.

१६/
पावसाचा आणखी एक परिणाम. अर्जेंटिनाचे गाउचो आणि मेक्सिकोचे वाकेरो हे गुराखी न कमावलेल्या, म्हणजे कच्च्या कातड्याच्या वेण्या घालत. वाळलेले कच्चे कातडे अतिशय मजबूत असते. त्याचे फास आणि लगाम जगभर नावाजले गेले. परंतु सतत भिजले की ते मऊ पडते आणि सैलावते. चार महिने पाऊस असलेल्या दख्खनमध्ये कमावलेल्या, तेल पाजलेल्या चामड्यावर भर दिला जाई. भिजणाऱ्या मोटा व दोरांना करडईचे तेल चोळण्याची रीत देशात होती, आणि करडई हे मराठवाड्याचे घरचे पीक.

१७/
१७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाची सत्ता दख्खनमध्ये स्थिरावली आणि परभणीचा टापू हैदराबाद राज्यात राहिला. एकोणिसाव्या शतकात या भागाच्या घोडेस्वारीचे केंद्र झाले हिंगोली. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. निजामाच्या पैशावर पोसलेली पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज हिंगोली, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई अशा छावण्यांत राही.

१८/
या फौजेचा खर्च निजामाला इतका जड झाला, की थकबाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब त्याला इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. तिच्या घोडदळात शिलेदारी पद्धत चालू होती. स्वार ठरावीक रक्कम भरून आपली जागा, म्हणजे ‘असामी’, मिळवी. घोडा आणि साज यांचा भार त्याच्यावर. त्या मोबदल्यात पगार अधिक. ज्याच्याकडे अनेक असाम्या असत तो आपल्या घोड्यांवर बारगीर बसवी. मराठा काळातील शब्द आणि व्यवस्था अशा रीतीने ब्रिटिश अमदानीतही जिवंत राहिल्या.

१९/
शिलेदारी पद्धतीचा कारागिरांशी थेट संबंध होता. साज दूरच्या सरकारी कोठारातून न येता स्वाराच्या खिशातून घेतला जाणार, म्हणजे तो जवळच्या बाजारात दुरुस्त होणार आणि पुष्कळदा तेथेच तयार होणार. छावणीचा बाजार हा त्यामुळे जिनगर आणि चर्मकार यांचा आश्रयदाता ठरे. येथे बलुत्याचे धान्य नसून रोख पैसा होता. गावच्या वतनाला बांधलेल्या माणसासाठी हा फरक लहान नव्हता. छावणीत त्याच्या कामाला दाम ठरत होता आणि तो मागण्याची सोय होती.

२०/
हा आधार तीन धक्क्यांनी तुटला. पहिला, कारखाना: १८६० च्या दशकात कानपूरला सरकारी खोगीर-साज कारखाना उभा राहिला आणि एकसारख्या मापाचा, यंत्राने शिवलेला साज लष्करात पसरू लागला. दुसरा, छावणी: १९०३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. तिसरा, रेल्वे: १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड मार्ग परभणीवरून सुरू झाला. लांबचा प्रवास आणि माल घोड्या-बैलांवरून रुळांवर गेला. गावातील वाहनाला तेवढा साज लागत राहिला.

२१/
कंटिंजंटच्या घोडदळातून पुढे विसावी डेक्कन हॉर्स, एकोणतिसावी लान्सर्स आणि तिसावी लान्सर्स ही पथके निर्माण झाली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर, हाय वुड या जंगलाजवळ, डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले सरसावून हल्ला केला. तोफा, मशिनगन आणि काटेरी तारा यांच्या युगात घोडदळाचे दिवस भरले होते. महायुद्धाच्या ताणाखाली शिलेदारी पद्धतही कोलमडली आणि त्यानंतर ती रद्द झाली. स्वाराने आपला साज आपण आणण्याची शतकांची रीत तेथे संपली.

२२/
कारागिरांनी काय केले? पुण्याच्या जिनगरांविषयी १८८५ च्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की ते पुस्तकबांधणी, चित्रकाम, मातीच्या मूर्ती आणि धातुकाम अशा कामांकडे वळले होते. ज्यांच्या हातात अनेक साहित्ये हाताळण्याची कला होती, त्यांना नवा मार्ग सापडला. चर्मकारांनी वहाणा आणि मोट सांभाळली. विजेचे पंप आल्यावर मोटही गेली. शहरांतील टांगेवाल्यांनी साजाची मागणी काही दशके तगवली. रिक्षा आल्यावर तीही ओसरली.

२३/
येथे हळहळ व्यक्त करण्यापूर्वी थांबावे लागते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचे आवाहन केले. जन्माने लादलेले काम, त्याबद्दल मिळणारा तुटपुंजा वाटा आणि त्याच कामाच्या नावाने होणारा अपमान, हे चक्र तोडल्याशिवाय माणूसपण मिळणार नव्हते. अनेक घरांनी कातडे आणि रापी सोडली ती हौस संपली म्हणून नव्हे. मुले शाळेत जावीत म्हणून. एका कलेचा ऱ्हास आणि एका समाजाची सुटका या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या.

२४/
म्हणून या इतिहासात एक विसंगती कायम बोचते. दसऱ्याला घोडा पूजला जाई, त्याच्या जिनावर फुले वाहिली जात. ते जीन ज्या कातड्याचे, ते कमावणाऱ्याला मात्र देवळाची पायरी बंद होती. स्वारांची नावे बखरींत आली, घोड्यांची नावेही काही ठिकाणी आली. वेणी घालणाऱ्याचे नाव लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्यांच्या शोषणावर लिहिलेल्या ग्रंथाला ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव दिले. असूड म्हणजे चाबूक. श्रमिकाच्याच हातची वस्तू त्यांनी श्रमिकाच्या बाजूने उगारली.

२५/
आज हा साज पाहायचा असेल तर यात्रेला जावे. परभणीच्या शेजारी, नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्यात घोड्यांचा मोठा बाजार असतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास असाच घोडेबाजार भरतो. तेथील दुकानांत नायलॉनच्या म्होरक्या आणि रंगीत गोंडे यांची रेलचेल असते. नायलॉन स्वस्त आहे, भिजत नाही, कुजत नाही. पण घामेजलेल्या कातडीवर त्याची कड काचते; तेल पाजलेली चामड्याची वेणी वापराने उलट मऊ होत जाते.

२६/
वेणीची विद्या मात्र पूर्ण लोपली नाही. ती घोड्याच्या तोंडावरून माणसाच्या पायावर उतरली. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर चामड्याची बारीक वेणी असते आणि वर गोंडा. बारीक वाद्यांचे सारख्या ओढीने घातलेले पेड ही तीच जुनी रीत आहे. यापुढे ‘जेरबंद’ हा शब्द वाचताना चोराबरोबर त्या पट्ट्याचीही आठवण व्हावी, आणि तो कमावणाऱ्या, कापणाऱ्या, वळणाऱ्या व शिवणाऱ्या चार हातांचीही.

॥ धागा समाप्त ॥